राक्षसाच्या उशाशी दिवा

ट्रॉलीबसमध्ये बुरुलच्या मागे तीन पोरं उभी होती. कॉलेजातली असावीत. रशियनमध्ये बोलत होती, कुठल्यातरी पेपराबद्दल, कुणाच्यातरी नव्या बुटांबद्दल, आणि बुरुलचं तिकडे लक्ष नव्हतं. दिवसभर शाळेच्या गणवेषांचं निळं कापड कापून तिचा उजवा अंगठा बधिर झाला होता. तो ती दुसऱ्या हाताने चोळत बसली होती. खिडकीच्या काचेला आतून वाफ धरली होती आणि बाहेर कोळशाच्या धुरात बिश्केकच्या रस्त्यांवरचे दिवे मळकट पिवळे दिसत होते. एवढ्यात छतावरचा वीज घेणारा दांडा तारेवरून निसटला. हे नेहमीचंच होतं. गाडी थांबली, आतले दिवे गेले, ड्रायव्हरबाई शिव्या घालत, हातमोजे चढवत खाली उतरली. आणि त्या काळोखात मागचा एक पोरगा नाकातून, जाड, कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "दिवा मालवू नकोस. अंधारात तो घाबरतो." एवढं वाक्य तो किर्गिझमध्ये म्हणाला. बाकीचे दोघे खिदळले. दाराजवळची एक अनोळखी मुलगीही हसली. तिलाही ते ठाऊक असावं.

बुरुलला आधी वाटलं, आपणच बोललो. थकलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी मनातलं बाहेर पडतं तसं. कारण वाक्य तिचं होतं. त्यातला 'तो' तिचा होता. कितीतरी वर्षांपूर्वी एका खोलीत, एका माणसाला, ती हे एकदाच बोलली होती आणि तेव्हा तिथे तिसरं कुणी जागं नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं, की त्या पोराने ज्याची नक्कल केली तो आवाजही आपल्या ओळखीचा आहे. जेनिशचं नाक लष्करात असताना मोडलं होतं. त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द आधी नाकात शिरायचा, तिथे जरा रेंगाळायचा आणि मग बाहेर यायचा. लग्न झालं त्या वर्षी तिची बहीण म्हणायची, "तुझा नवरा बोलायला लागला ना, की मला वाटतं शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय." दिवे आले. बुरुलने मान वळवली.

"बाळा, आत्ता काय म्हणालास?"

पोरगा ओशाळला. "तुम्हाला नाही म्हटलं, आपा," आईला हाक मारावी तसं तो म्हणाला. "सिनेमातलं आहे ते."

"कुठल्या?"

"जुना आहे. अमेरिकन. मिठाच्या खाणीतला राक्षस. 'चिनार'ला लागतो शुक्रवारी, रात्री उशिरा. एकदम भंगार सिनेमा आहे, म्हणून तर मजा येते."

"त्याचं भाषांतर करणारा माणूस पिऊन बसलाय," दुसरा म्हणाला. "सगळ्यांचे आवाज तोच काढतो. बायकांचेसुद्धा. त्याला काही कळत नाही, मग मनाला येईल ते ठोकून देतो. सगळा सिनेमा रशियनमध्ये, आणि शेवटी ती बाई एकदम किर्गिझ बोलते. राक्षसाबद्दल."

"पिऊन नव्हता तो," बुरुल म्हणाली.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचा थांबा केव्हाच मागे गेला होता. पुढच्या थांब्यावर उतरून ती उलट चालत निघाली. पायाखाली निबर झालेला बर्फ करकरत होता आणि तिला चालताना एकसारखं वाटत होतं, की कुणीतरी आपल्या घरात शिरून कपाट उपसलंय, आतलं एकच कापड नेलंय आणि आता ते भर चौकात काठीला बांधून फडकवतंय.

जेनिश तंत्रनिकेतनात इंग्रजी शिकवायचा. सोव्हिएत देश मोडला, पगार थांबले, तेव्हा शहरात तळघरातळघरांतून व्हिडिओची दुकानं निघाली. वीस खुर्च्या, एक टीव्ही, आणि कुठून कुठून आलेले सिनेमे. त्यांना रशियन आवाज हवा असायचा. एका मित्राच्या घरी खिडक्यांना रजया लावून, टेबलावर मायक्रोफोन ठेवून जेनिश रात्रीतून दोन-दोन, तीन-तीन सिनेमे बोलायचा. आधी बघायला वेळ नसायचा. पडद्यावर माणूस बोलला की त्याच्या मागून लगेच बोलायचं, चुकलं तर चुकलं. पहाटे घरी यायचा तेव्हा घसा बसलेला असायचा. बुरुल दुधात लोणी घालून गरम करून द्यायची. ते पिताना म्हणायचा, "आज मी नऊ माणसं होतो. त्यातली सहा मेली." त्यावर धाकटा तिलेक झोपेतून उठून विचारायचा, कोण मेलं, कसं मेलं. त्याला सगळं सविस्तर हवं असायचं. चार वर्षांचाही नव्हता. चोल्पोन मोठी, शाळेत जाणारी, ती उशीत तोंड खुपसून "झोपू द्या" म्हणून ओरडायची. इतकं सुख होतं, आणि ते सुख आहे हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, हा वाईट काळ चाललाय, तो सरेल.

त्या हिवाळ्यात नळांतून गरम पाणी यायचं बंद झालं. शहरात घटसर्प परत आला. म्हातारे लोक म्हणाले, हा तर आमच्या आजोबांच्या वेळचा रोग. लस संपलेली, औषध कुठेच नाही. तिलेकला ताप भरला त्या रात्री जेनिश कामावर होता. बुरुलने शेजारच्या घरातून फोन लावला. पुन्हा लावला. लागेना. रेकॉर्डिंगमध्ये घंटी वाजू नये म्हणून तिथे रिसीव्हर काढून ठेवत, हे तिला नंतर कळलं. नंतर, म्हणजे काही उपयोग नसताना. आजार आठवडाभर चालला. त्या आठवड्यातलं तिला फार आठवत नाही. एक घरघर आठवते. लहानशा गळ्यातून येणारी, करवत ओल्या लाकडात अडकावी तशी. आणि ती थांबल्यावरची शांतता. ती शांतता आधी तिला बरी वाटली होती, पोराला झोप लागली म्हणून.

गावाकडची माणसं आली. रीतीप्रमाणे पुरुष दारापासूनच मोठ्याने रडत आले. काका, मामा, चुलतभाऊ, प्रत्येकजण "माझ्या सोन्या, माझ्या लेकरा" म्हणून हंबरडा फोडत आत येत होता. बायका भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होत्या. बापाने दारात उभं राहून सगळ्यांत मोठ्याने रडायचं असतं. जेनिश दारात उभा होता. त्याच्या तोंडून आवाज आला नाही. लोक येत होते, त्याला मिठी मारत होते, आणि तो खांबासारखा. बुरुलच्या मावशीने भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "परक्यांसाठी रात्रभर बोलतो. स्वतःच्या पोरासाठी एक आरोळी निघत नाही. दगड आहे दगड." हे त्याच्या कानावर गेलं. बुरुलने पाहिलं, की गेलं.

त्या रात्री पोर घरातच होतं, सकाळी न्यायचं होतं. पाहुणे दमून जागा मिळेल तिथे आडवे झाले होते. टेबलावरचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर येत होता. मध्यरात्रीच्या सुमाराला जेनिश आत आला आणि त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तेव्हा ती म्हणाली, "दिवा मालवू नकोस. अंधारात तो घाबरतो." जेनिशने हात मागे घेतला. बाहेर गेला, जिन्यात सिगरेट ओढत उभा राहिला. तिलेकबद्दल त्या दोघांमध्ये झालेलं ते शेवटचं बोलणं.

चाळिसाव्या दिवसाचं जेवणसुद्धा झालं नव्हतं, तर जेनिश परत रात्री जायला लागला. घरात पैसा नव्हता, हे बुरुलला कळत होतं. कळूनही ती दार उघडताना म्हणायची, "जा. तुझे राक्षस वाट बघत असतील." रोज म्हणायची. त्यात नंतर नंतर राग उरला नव्हता, सवय होती. तोही सवयीने जोडे घालायचा. असे ते तीन-चार वर्षं राहिले. मग व्हिडिओचा धंदा बसला. जेनिश तोकमोकला काचेच्या कारखान्यात गेला, आधी शनिवारी-रविवारी यायचा, मग महिन्याने, मग तिथेच कुणी भेटली. भांडण झालं नाही. लोक विचारायचे, का सोडलंत एकमेकांना? बुरुलकडे उत्तर तयार असायचं. त्या माणसाला मूल गेल्याचं काही वाटलं नाही. हे ती इतक्यांदा म्हणाली होती, की ते तिच्या पायाखालच्या जमिनीसारखं झालं होतं. जमिनीकडे कुणी सारखं बघत नाही, पण तिच्यावरच उभं राहायचं असतं.

रविवारी चोल्पोनच्या स्वयंपाकघरात बुरुल कणीक मळत होती आणि लेक बटाटे सोलत होती. चोल्पोन दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते आणि घरी आली की स्वतः उघडत नाही, असं तिचा नवरा म्हणतो.

"'चिनार'ला रात्रीचे सिनेमे लागतात म्हणे," बुरुल म्हणाली.

चोल्पोनच्या हातातली सुरी थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"सगळ्या गावाला माहीत आहे, आपा. पोरंटोरं जातात. ओरडतात, नाचतात. तुझ्यासारखीचं ते काम नाही."

"आवाज कुणाचा आहे, तेही माहीत आहे?"

चोल्पोनने पुन्हा सोलायला घेतलं. साल फार जाड निघत होती. "दवाखान्यातल्या मुलींबरोबर गेले होते. त्याने तोंड उघडलं आणि मी ओळखलं. कुणाला बोलले नाही. काय सांगू? हे माझे वडील, जे वाढदिवसाला फोन करायला विसरतात?" मग म्हणाली, "दुसऱ्यांदा एकटीच गेले."

"आणि ते किर्गिझमधलं?"

"त्याच्यावरच तर सगळं चालतं. तेव्हा सगळे..." ती हसायला लागली आणि आईचा चेहरा पाहून थांबली. "काय झालं?"

"मला ने," बुरुल म्हणाली.

'चिनार'मध्ये ती पूर्वी पोरांना घेऊन यायची, सकाळच्या खेळाला. तेव्हाच्या लाकडी खुर्च्या अजून त्याच होत्या, मात्र भिंतींना काळा रंग फासला होता. दारात एका मुलीने प्रत्येकाच्या हातावर कागदाच्या पुडीतून जाडं मीठ ठेवलं. कुणी खाणकामगारांच्या टोप्या घालून आलं होतं. एका पोराने पाठीला रबरी शेपूट बांधलं होतं आणि तो त्यावर पाय पडू नये म्हणून लोकांची माफी मागत चालला होता. बुरुल आपला चांगला शालीचा रुमाल बांधून आली होती. तिला पाहून पोरं बाजूला झाली, एकाने उठून कडेची जागा दिली. "आपा, बसा. घाबरू नका हं, राक्षस गरीब आहे," तो म्हणाला. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर खाणीचं दार उघडलं तसं सगळ्यांनी मीठ उडवलं. ते केसांत, मांडीवर, जमिनीवर पडलं. बुटांखाली मीठ चिरडल्याचा आवाज आला आणि बुरुलने नकळत दोन्ही पाय वर घेतले. मीठ तुडवू नये, एवढं तिला घरात शिकवलेलं होतं. चोल्पोनने तिच्याकडे पाहिलं, मग तिनेही पाय वर घेतले. मायलेकी तशाच बसल्या, झाडावर बसल्यासारख्या.

आणि मग तो बोलला. आधी मागे इंग्रजी आवाज, गढूळ, पाण्याखालून आल्यासारखे, आणि त्यांच्यावर जेनिश. तरुण जेनिश. वाफाळलेल्या दुधाचा वास बुरुलच्या नाकात शिरला. तो हिरो होता, तो म्हातारा शास्त्रज्ञ होता, तोच शास्त्रज्ञाची मुलगी होता, आणि कुणाचंच त्याला फार अगत्य नव्हतं. वाक्यांच्या मधे तो श्वास घ्यायचा, तो ऐकू येत होता. एकदा खोकला. एकदा त्याच्या खुर्चीचा पाय करकरला, तेव्हा साऱ्या थिएटरने "हळू बस!" म्हणून सूर लावला. त्यांना खुर्चीसुद्धा पाठ होती. हिरोने बंदूक रोखली, इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणाला, आणि जेनिश म्हणाला, "पाव आणायचा राहिला." पोरं त्याच्याबरोबर ओरडली, "पाव आणायचा राहिला!" आणि लोळून हसली. बुरुलला ते पाव आठवले. त्या काळात पावाची रांग पहाटे लागायची आणि तो झोपून राहायचा. म्हणजे इंग्रजी कळलं नाही, की तो असलं काहीतरी, घरातलं, सुचेल ते भरत होता. हॉलभर तिचं घर सांडत होतं आणि लोक ते झेलत होते. तिला राग यायला हवा होता. पण बाजूच्या पोराने हसता हसता डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "फार भारी माणूस असणार हा, नाही आपा?" तेव्हा तिला एकदम अभिमानच वाटला, आणि त्या अभिमानाची भीती वाटली.

शेवटी खाणीच्या तळाशी तो रबरी प्राणी मरायला पडतो. त्याच्या पोटाची शिवण दिसत होती. बुरुलच्या सरावल्या डोळ्यांना ती आधीच दिसली, उलटी घातलेली. शास्त्रज्ञाची मुलगी त्याच्याजवळ गुडघे टेकते. हिरो हातातला कंदील विझवायला जातो. मुलगी त्याचा हात धरते आणि इंग्रजीत बोलायला लागते. जेनिश बोलला नाही. मुलीचं एक वाक्य गेलं, दुसरं गेलं. थिएटर गप्प झालं. शेपूटवालासुद्धा. सगळ्यांनी खिशांतून फोन काढले होते. टेप फिरल्याची खरखर तेवढी ऐकू येत होती आणि तिच्याखाली एका माणसाचा श्वास, आत ओढलेला आणि न सोडलेला. मग सगळीकडे फोनचे दिवे लागले. शेकड्याने. छत, काळ्या भिंती, पोरांचे चेहरे, सगळं पांढरं उजळलं आणि सारं थिएटर जेनिशबरोबर एका सुरात म्हणालं, "दिवा मालवू नकोस. अंधारात तो घाबरतो."

हसणारे हसले. टाळ्या पडल्या. पडद्यावरची मुलगी अजून काही बोलत होती, ते जेनिशने भाषांतर न करता जाऊ दिलं. बुरुल खुर्चीवर पाय घेऊन बसली होती. आपण रडतोय की काय, हे पाहायला तिने गालाला हात लावला. गाल कोरडा होता, मिठाचे खडे लागले.

"आपा," चोल्पोन म्हणाली. "आपा, चल बाहेर."

"हे मी म्हटलं होतं," बुरुल म्हणाली. "तिलेकला आत ठेवलं होतं ना, त्या रात्री. तुझे वडील दिवा मालवायला आले होते."

चोल्पोन तेव्हा सहा वर्षांची होती आणि पलीकडच्या खोलीत तिला सगळ्यांनी झोपलेली समजलं होतं. फोनचे दिवे एकेक करून विझत होते. "मी हसले होते," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला. सगळ्यांत मोठ्याने." तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बाजूच्या पोराला वाटलं, सिनेमा आवडला. तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी पण आहे."

पुढचे काही दिवस बुरुल कापड कापताना चुकत होती. मुकादमबाई म्हणाली, "बुरुल, बाह्या दोन असतात, तीन नाहीत." तिच्या मनात एक वेगळाच जेनिश उभा राहत होता. त्या रजया लावलेल्या खोलीत बसलेला, पडद्यावरची बाई बोलतेय आणि याला पुढचं दिसत नाहीये. दारात उभं राहून जे आलं नाही ते तिथे आलं, परक्या बाईच्या तोंडून, रबरी जनावरासाठी. जिन्यात सिगरेट ओढणारा तो पाठमोरा माणूस तिने आता वळवून पाहिला आणि त्याला चेहरा दिला. रोज दार उघडून ती ज्याला जा म्हणायची, तो हा होता. या माणसाला भेटलंच पाहिजे, असं तिला वाटायला लागलं, जसं काही तो कुठे ओलीस ठेवलेला होता आणि इतकी वर्षं कुणी सोडवायला गेलं नव्हतं. चोल्पोन म्हणाली, "मी नाही येणार. तू जा." आणि निघताना तिच्या पिशवीत गरम पोळ्यांची चळत ठेवली. "त्यांना दे. मी दिल्या म्हणू नकोस."

तोकमोकला दार साल्किनने उघडलं. जेनिशची बायको. दोघी आयुष्यात पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. साल्किन ठेंगणी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने बुरुलला खालून वर पाहिलं आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "या, एझे. कधीतरी याल असं वाटायचं. आधी आला असतात तर पडदे धुतले असते." मग आत वळून, "अहो, उठा, टोपी घाला. बिश्केकहून पाहुणी आली आहे."

जेनिश खिडकीशी बसला होता. म्हातारा झाला होता, आणि तसा तो झाला असणार हे बुरुलला ठाऊक होतं, तरी थिएटरमधला तरुण आवाज तिच्या कानात इतका ताजा होता, की याने तो कुठे ठेवला हे ती शोधत राहिली. तो उठला. काय म्हणावं कळेना म्हणून म्हणाला, "रस्ता ठीक होता?" आवाज तोच होता, पण झिजलेला. साल्किन चहाचं आधण ठेवायला गेली आणि दार तिने मुद्दाम ओढून घेतलं.

बुरुलने सांगितलं. थिएटर, मीठ, पोरं, सगळं. जेनिश लक्ष देऊन ऐकत होता, भुवया वर करून, जसं लोक दुसऱ्या गावातली बातमी ऐकतात.

"मिठाची खाण?" तो म्हणाला. "असे ढीगभर होते. खाण, दलदल, बेट. नाही आठवत."

"शेवटी तू किर्गिझमध्ये बोललायस."

"झोप कुठे असायची तेव्हा. चुकून निघालं असेल."

"ते माझं वाक्य आहे, जेनिश. त्या रात्रीचं."

"तू असं म्हणाली होतीस?"

तो खोटं बोलत नव्हता. बुरुलने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिथे काही लपवलेलं नव्हतं. तिला हवं होतं ते नव्हतंच. टेपवर होतं, थिएटरमध्ये होतं, ट्रॉलीबसमधल्या पोरांपाशी होतं, पण ज्याचं होतं त्याच्यापाशी नव्हतं. चार दिवसांत उभा केलेला तो माणूस तिच्यासमोर विरघळून गेला आणि मागे हा उरला, विणलेल्या बनियनमधला, पायांत लोकरीचे मोजे, गुडघ्यांवर हात.

"पोरं हसतात?" त्याने विचारलं.

"हसतात."

"मग बरं आहे," जेनिश म्हणाला. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात साल्किनने वाळत घातलेल्या चादरी थंडीने कडक होऊन फळ्यांसारख्या लटकत होत्या. "एक विचारू का? तुलाच विचारता येईल, दुसऱ्या कुणाला नाही. मला त्याचा चेहरा आठवतो. लोकरी टोपी आठवते. पण आवाज नाही आठवत. कितीतरी वर्षं प्रयत्न करतोय. रात्री जाग आली की करतो. आवाज कसा होता ग त्याचा?"

बुरुलने तोंड उघडलं. हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, असं तिला वाटत होतं. ती आत गेली, त्या घरात, त्या हिवाळ्याच्या आधीच्या दिवसांत. तिलेक पलंगावर उभा राहून काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते. दात दिसत होते. आणि आवाजाच्या जागी ती घरघर होती, फक्त ती, सगळीकडे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत पसरलेली. तिने ती बाजूला सारून पाहिली. खाली काही नव्हतं. तो आवाज कधी गेला, कुठल्या वर्षी, हे तिला कळलंही नव्हतं. जेनिश तिच्याकडे बघत होता. आता त्याचे डोळे दुसऱ्या गावातली बातमी ऐकणाऱ्याचे राहिले नव्हते.

"जाड होता," बुरुल म्हणाली. "लहान मुलाचा वाटायचाच नाही. नाकातून बोलायचा. अगदी तुझ्यासारखा."

"नाकातून," जेनिश म्हणाला. त्याचा खालचा ओठ हलायला लागला. "हो. हो, नाकातूनच." आणि त्याला ते खरंच आठवल्यासारखं त्याने मान हलवली, पुन्हा पुन्हा, आणि ती हलवता हलवता त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. मोठा, बेढब. दारातून साल्किन डोकावली. बुरुलने तिला हाताने थांब म्हणून खूण केली.

"आणि हसायचा कसा?" जरा वेळाने त्याने विचारलं. गाल ओले होते, ते त्याने पुसले नव्हते.

बुरुलने शालीच्या गाठीशी चाळा करत क्षणभर विचार केला. मग ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि सांगायला लागली. हसायचा कसा, चिडला की काय म्हणायचा, आंघोळीला बोलावलं की कुठे लपायचा. आठवत होतं ते तिने सांगितलं आणि आठवत नव्हतं तेही सांगितलं, न थांबता, कारण थांबलं की त्याला कळलं असतं. जेनिश तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होता.